स्लाइडवर तपकिरी रंग आला, म्हणजे तोच जीवाणू सापडला का?

पोटातल्या अल्सरचं कारण शोधताना डॉक्टर दुर्बिणीने जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे काढतात. त्यांचे पातळ काप स्लाइडवर रंगवून 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जीवाणू शोधला जातो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी या जीवाणूचा जठराच्या सुजेशी आणि अल्सरशी असलेला संबंध दाखवून दिला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. वॉरेन यांनी तो पाहिला होता चांदीच्या क्षारांनी काप रंगवून. आता अनेक ठिकाणी त्यासाठी अँटीबॉडी वापरतात.

अँटीबॉडी जीवाणूच्या एखाद्या लहानशा भागाला चिकटते. पुढच्या टप्प्यात तिला जोडलेल्या एन्झाइममुळे तिथे तपकिरी रंग तयार होतो. म्हणजे रंग सांगतो तो इतकंच, की अँटीबॉडी इथे चिकटली. कोणाला चिकटली, हे तो सांगत नाही.

गोची इथेच आहे. सशाला जीवाणूचे अंश टोचले की त्याच्या रक्तात एक नव्हे, अनेक प्रकारच्या अँटीबॉडी तयार होतात. अशा 'पॉलीक्लोनल' मिश्रणातल्या काही अँटीबॉडी जीवाणूच्या नातलगांनाही चिकटतात, कारण त्यांची काही प्रथिनं सारखी असतात. यालाच क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. कुत्री, मांजरं, डुकरं यांच्या पोटात आढळणारा 'हेलिकोबॅक्टर हाइलमानी' कधीकधी माणसातही सापडतो. पायलोरीसाठीच्या अँटीबॉडीने तोही तपकिरी होतो. पण तो जास्त लांब असतो आणि त्याला स्क्रूसारखे बरेच पीळ असतात, त्यामुळे अनुभवी डोळ्यांना सहसा ओळखू येतो. औषधंही बरीचशी तीच असल्याने इथली चूक फार महाग पडत नाही.

उलट्या बाजूची चूक मात्र महागात पडू शकते. सिफिलिसचा जीवाणूही पीळदार असतो आणि क्वचित जठरातही अल्सर करतो. त्याच्यासाठी बनवलेली पॉलीक्लोनल अँटीबॉडी पायलोरीलाही चिकटते, असं आढळलं आहे. नुसत्या रंगावर विसंबून रिपोर्ट दिला, तर साध्या पोटदुखीच्या रुग्णाच्या माथी लैंगिक आजाराचा शिक्का बसेल. घरात काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळा नियंत्रण म्हणून एक स्लाइड मूळ अँटीबॉडी न घालताही रंगवतात. पण त्याने ही चूक पकडली जात नाही. अँटीबॉडीच नसेल, तर ती चुकीच्या ठिकाणी चिकटणार कशी? त्यासाठी ज्यात दुसरा, माहीत असलेला जीवाणू आहे असा काप रंगवून पाहावा लागतो. एकाच ठरावीक भागाला चिकटणारी 'मोनोक्लोनल' अँटीबॉडी हा धोका कमी करते. पण तोच भाग नातलगाकडेही असला, तर तीही फसते.

म्हणून पॅथॉलॉजिस्ट रंगासोबत आकार आणि जागाही पाहतात. पायलोरी मुख्यतः पृष्ठभागावरच्या बुळबुळीत थरात आणि ग्रंथींच्या तोंडाशी असतो. सिफिलिसचा जीवाणू ऊतीच्या आतही शिरतो. तरीही शंका उरली, तर सिफिलिससाठी रक्ताची तपासणी करतात, किंवा पीसीआरने जीवाणूचा डीएनए तपासतात.