लांबच्या वाटेने लवकर

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे आपण मुलांना शिकवतो. मग वेग तोच असेल, तर लांबच्या वाटेला जास्त वेळ लागणार हे उघडच आहे. आता पुढील उदाहरण पाहा.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी विमानसेवा सुरू केली. विमान पश्चिमेला, युरोप व अटलांटिक महासागरावरून जाई. ही वाट सुमारे १३,९०० कि.मी.ची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० कि.मी.ची. अंतर १,४०० कि.मी.ने वाढले, पण वेळ जवळजवळ दोन तासांनी घटला! विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले.

मग नियम चुकला का? नाही. प्रश्न आहे तो कोणता वेग घ्यायचा, हा. नदीतली होडी वल्ह्यांच्या जोरावर पाण्यातून पुढे सरकते, पण पाणीही तिला वाहून नेत असते. विमानाचे तसेच आहे. मोठे प्रवासी विमान हवेतून ताशी सुमारे ९०० कि.मी. वेगाने जाते; मात्र ती हवाच वाहत असते. वरील प्रवासाचा जमिनीच्या संदर्भातला सरासरी वेग काढा : १५,३०० ÷ १४.५, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ कि.मी. वरचा वेग वाऱ्याचा.

हे वारे म्हणजे जेट प्रवाह. उष्ण कटिबंध व ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे सुमारे १० कि.मी. उंचीवर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून त्यांच्या नोंदी केल्या होत्या. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते ढकलतात, पश्चिमेला जाणाऱ्याला अडवतात.

मग जाताना मिळालेला फायदा आणि येताना झालेला तोटा सारखाच असेल का? वर्गात हे गणित घाला. दोन विमानतळांमधले अंतर ९,००० कि.मी., विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी., वारा ताशी १०० कि.मी. वारा नसेल तर जाऊन-येऊन २० तास लागतील. वारा असेल तर एका दिशेने ९,००० ÷ १,००० = ९ तास, उलट दिशेने ९,००० ÷ ८०० = ११ तास १५ मिनिटे; एकूण २० तास १५ मिनिटे. वारा मदत करतो ९ तासच, अडवतो मात्र सव्वाअकरा तास. म्हणून १,००० आणि ८०० यांची सरासरी ९०० घेऊन काढलेले उत्तर चुकते.

मुंबई–लंडन विमानांचे वेळापत्रक मिळवून मुलांना जाण्या-येण्याचे वेळ काढायला सांगा. छापलेल्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. त्या आधी एकाच घड्याळात आणायला विसरू नका.