कोळशाच्या वाटेतलं चर्च

ऑनसाइटला आलेल्या पुणेकराचा वीकेंड तसा ठरलेला असतो. शनिवारी कपडे धुणं आणि इंडियन स्टोअर, रविवारी कुठलं तरी फेमस ठिकाण आणि शंभर फोटो. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये मी ड्युसेलडॉर्फला होते, आणि माझ्या यादीत त्या रविवारी कोलोनचं कॅथेड्रल होतं. शेजारच्या डेस्कवरच्या जर्मन सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ते कुठं जात नाही. मी दाखवतो ते चर्च मात्र तुला पुढच्या वर्षी दिसणार नाही."

आता असं कुणी म्हटल्यावर आपण काय करणार? निघालो.

तासाभराच्या ड्राइव्हनंतर एर्केलेन्ट्स शहराच्या हद्दीतलं इमेराट नावाचं गाव आलं. गाव म्हणायचं खरं, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात कमरेएवढं गवत, मध्येच घर पाडून सपाट केलेली जागा. आणि या सगळ्याच्या वर दोन उंच मनोरे. सेंट लँबर्टसचं चर्च. हजार-बाराशे वस्तीच्या गावाला हे चर्च इतकं मोठं, की आसपासचे लोक कौतुकानं त्याला 'इमेराटचं कॅथेड्रल' म्हणायचे.

सहकाऱ्याच्या आईवडिलांचं लग्न याच चर्चमध्ये झालं होतं. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मी कॅमेरा बॅगेत ठेवून दिला.

एवढं मोठं कशाला?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर इतिहासात थोडंफार सापडतं. ऱ्हाइनकाठचा हा प्रदेश पक्का कॅथलिक, आणि राज्य प्रोटेस्टंट प्रशियाचं. १८७०च्या दशकात बिस्मार्कनं कॅथलिक चर्चचे पंख छाटायला घेतले. धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं, अनेक पॅरिश वर्षानुवर्षं धर्मगुरूविना राहिल्या. (पॅरिश म्हणजे आपल्या वसईचे ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात ते.) हा झगडा १८८७च्या सुमारास मिटला. इमेराटनं १८८८मध्ये नवं चर्च बांधायला घेतलं आणि १८९१मध्ये ते पुरं झालं. जाड भिंती, गोल कमानी, दोन मनोरे, म्हणजे मध्ययुगातल्या रोमनेस्क शैलीची नवी आवृत्ती. गावातलं जुनं चर्चही त्या आधी शेकडो वर्षं उभं होतं.

ज्यांच्या नावाचं हे चर्च, ते संत लँबर्ट सातव्या शतकातले मास्ट्रिख्टचे बिशप. इसवी सन ७००च्या थोडं पुढेमागे त्यांची हत्या झाली. गाव सुपीक मातीचं, शेतकऱ्यांचं. बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं या एका छपराखाली. १९४५च्या हिवाळ्यात महायुद्धाची आघाडी या परिसरातून पुढं सरकली, तरी चर्च उभं राहिलं. १९८०च्या दशकात त्याला संरक्षित वास्तूचा दर्जाही मिळाला.

मग बिनसलं कुठं? पायाखाली!

खाली काय आहे?

खाली आहे लिग्नाइट, तपकिरी कोळसा. गार्ट्सवायलर नावाची उघडी खाण इथून जवळच. तिला नाव मिळालं ते याच खाणीनं गिळलेल्या एका गावावरून. तिथं चालणारं 'बॅगर २८८' हे यंत्र सुमारे साडेतेरा हजार टनांचं आहे. प्रचंड चाकाला बादल्या लावलेल्या, आणि दिवसाला दोन लाख चाळीस हजार घनमीटर माती-कोळसा उपसायची ताकद. हे काम दमानं, पण न थांबता चालतं. वाटेत शेत येवो, रस्ता येवो, नाहीतर गाव.

२००६पासून इमेराटचे लोक काही किलोमीटरवरच्या 'नव्या इमेराट'मध्ये जायला लागले. प्लॉट मिळाले, नुकसानभरपाई मिळाली. दफनभूमीतल्या कबरीसुद्धा हलवल्या. मालक आरडब्ल्यूई ही वीज कंपनी. चर्चही तिच्याच ताब्यात गेलं.

पण चर्च 'विकायचं' कसं? कॅथलिक पद्धतीत त्यासाठी बिशपचा लेखी हुकूम लागतो. शेवटची मिस्सा होते, हुकूम वाचून दाखवतात, पवित्र भाकर बाहेर नेतात, अखंड तेवणारा दिवा विझवतात. त्या क्षणापासून ते चर्च नाही, नुसती इमारत. इमेराटमध्ये हा दिवस ऑक्टोबर २०१३मध्ये आला. "आई त्या मिस्सेला गेली होती," सहकारी म्हणाला. "घर सोडताना ती रडली नाही. दिवा विझला तेव्हा रडली."

एका रहिवाशानं मात्र हार मानली नव्हती. त्याची केस पार घटना न्यायालयापर्यंत गेली. डिसेंबर २०१३मध्ये निकाल लागला. यापुढं विस्थापितांना वेळेवर दाद मागता आली पाहिजे, असं न्यायालयानं बजावलं. पण खाण थांबली नाही.

दोन दिवसांत

८ जानेवारी २०१८ला मी पुण्यात परतलेली होते. ग्रीनपीसचे कार्यकर्ते चर्चपाशी जाऊन बसले, काम काही तास लांबलं, एवढं ऑफिसमध्ये बातमीत वाचलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. पोकलेनचा जबडा मनोऱ्याला भिडतो आणि सव्वाशे वर्षांचा दगड धुळीत खाली येतो. मी तो तीनदा पाहिला. एसी चालू होता, लॅपटॉप चार्जिंगला होता. मला एकदम आठवलं, ड्युसेलडॉर्फच्या फ्लॅटमध्ये मी रात्रभर दिवे चालू ठेवायचे, आणि त्या वर्षी जर्मनीची पाचव्या हिश्शाहून जास्त वीज याच तपकिरी कोळशाची होती. म्हणजे त्या पाडकामात माझंही थोडं बिल होतं!

गोष्ट इथं संपत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकार आणि कंपनीत करार झाला. या भागातली कोळशाची वीज २०३८ऐवजी २०३०लाच बंद करायची, आणि शेजारची पाच गावं पाडायची नाहीत. त्यातल्या कायनबर्गच्या चर्चचा दिवा नोव्हेंबर २०२१मध्येच विझवून झाला होता. चर्च वाचलं, पण बहुतेक लोक आधीच निघून गेलेले. ल्युट्झेराट ही वस्ती मात्र करारात सुटली नाही. जानेवारी २०२३मध्ये हजारो आंदोलकांसमोर ती रिकामी केली. इमेराटच्या हातून हा करार जेमतेम पाच वर्षांनी निसटला.

आजीचं देऊळ

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. तिनं धर्म विचारला नाही, देश विचारला नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना पाणी ओसरल्यावर बघायला तरी मिळतं का गं?"

उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, हे तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. आजी दर उन्हाळ्यात ते बघायला जायची आणि लांबून हात जोडायची. म्हणून तिचा प्रश्न.

मी तिला खरं ते सांगितलं. खाण संपल्यावर त्या खड्ड्यातही ऱ्हाइनचं पाणी सोडून मोठा तलाव करायचा बेत आहे. पण तो कितीही आटला तरी वर काही येणार नाही. खाली काही ठेवलेलंच नाही.

आजी गप्प झाली. मग म्हणाली, "मग तू बघून आलीस ते बरं केलंस."

कोलोनचं कॅथेड्रल माझं अजून राहिलंय. सहकारी म्हणाला तसं, ते कुठं जात नाही.