खंड्याची पालखी

पाचगणीच्या कड्यावरून खाली कृष्णेचे खोरे दिसते. हीच कृष्णा वाईवरून पुढे जाते आणि साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला मिळते. त्या संगमावर राजघराण्यातील मंडळींच्या समाधी आहेत आणि तेथेच एका कुत्र्याचीही समाधी दाखवितात. हा छत्रपती शाहूमहाराजांचा खंड्या. महाराजांच्या आवडत्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचविले, म्हणून त्यांनी त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, अशी हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविली आहे.

कुत्र्याला पालखी म्हटले की आपल्याला हसू येते. पण जरा थांबून पाहावे. प्रसंगी जो उपयोगी पडला त्याची पायरी न पाहता त्याचा गौरव करणे, हा पुढारीपणाचा पहिला गुण नव्हे काय?

आता दुसरी गोष्ट. कुत्र्यापुढे कुंपण आहे आणि पलीकडे खाऊ आहे. कुत्रा सरळ कुंपणावर झेप घेतो, पंजांनी उकरतो. वळसा घालायचा तर आधी खाऊकडे पाठ फिरवावी लागते, आणि नेमके तेच त्याला जड जाते. २००१ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे कुंपण घालून हे तपासले. एखादा माणूस वळसा घालून जाताना पाहिला, की कुत्री ती वाट लवकर शिकली. नुसते हुकूम सोडण्यापेक्षा आपण स्वतः चालून दाखविणे किती मोलाचे, हे यावरून कळते.

तेथेच २००३ साली माणसांनी वाढविलेले लांडगे आणि पाळीव कुत्री यांची तुलना झाली. खाऊ मिळणे अशक्य करून ठेवले, तेव्हा लांडगे आपलेच बळ लावीत राहिले. कुत्र्यांनी मात्र लवकरच मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. यात कुत्र्याचे शहाणपण आहे. आपल्याने होत नाही हे ओळखून मदत मागणे, ही कमीपणाची गोष्ट नव्हे. परंतु धोकाही आहे. ज्याच्या तोंडाकडे पाहायचे तो धनीच चुकला तर काय? म्हणून सोबत्यांनी आपल्याकडे पाहावे असे ज्याला वाटते, त्याने थोडी लांडग्याची चिकाटीही त्यांच्यात राहू द्यावी.

आता घरची गोष्ट सांगून संपवितो. दारचा कुत्रा रात्री दहादा भुंकतो. त्यातले नऊ वेळा पान हललेले असते. आपण उठून त्याला काठी घालतो. असे चार-आठ दिवस केले, की कुत्रा शहाणा होतो आणि गप्प बसतो. मग ज्या रात्री खरोखर चोर येतो, त्या रात्रीही तो गप्पच असतो. दोष कुणाचा?

आपल्या संस्थांतून, गावच्या सभांतून असेच चालते. हिशेबातील चूक दाखविणारा कारकून, पुलाची भेग दाखविणारा गवंडी, यांना आपण कटकटे म्हणतो. त्यांचे दहापैकी नऊ इशारे पोकळ निघतीलही. परंतु दहाव्यासाठी ते नऊ ऐकून घेणे, हेच पुढाऱ्याचे काम होय. प्रत्येकाला पालखी देता येणार नाही; निदान काठी तरी उगारू नये.

माहुलीस गेलात, तर त्या समाधीपाशी घटकाभर थांबा.