बरोबरचं चिन्ह : सांगणं, विचारणं आणि करायला लावणं

मंडळी, मागच्या वेळी आपण विधान आणि आज्ञा यांतला फरक पाहिला. विधान खरं किंवा खोटं असतं. आज्ञा पाळली जाते किंवा मोडली जाते. आज तोच फरक संगणकाच्या एका ओळीत पाहू.

क = क + १

गणिताच्या वहीत ही ओळ खोटी. कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. पण १९५७ च्या फोरट्रानपासून ती चालत आली आहे, कारण तिथे ती विधान नाहीच. ‘क नावाच्या खणात जे आहे त्यात एक मिळवा आणि परत त्याच खणात ठेवा’, अशी ती आज्ञा आहे.

अल्गोलने आणि पुढे पास्कलने या आज्ञेसाठी := असं वेगळं चिन्ह घेतलं आणि = हे तुलनेसाठी ठेवलं. सी भाषेत मात्र एकेरी = म्हणजे ‘ठेवा’ आणि दुहेरी == म्हणजे ‘समान आहेत का?’ एक रेघजोडी गळली की प्रश्नाची आज्ञा होते.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप एक अट घुसवली. तिच्यात हा तुकडा होता :

यूआयडी = ०

वाचणाऱ्याला वाटावं, ‘वापरणारा शून्य क्रमांकाचा, म्हणजे सर्वाधिकारी आहे का?’ असं विचारलंय. प्रत्यक्षात त्याला सर्वाधिकारी केलं जात होतं! शिवाय ठेवलेली किंमत शून्य, आणि सी भाषेत शून्य म्हणजे ‘खोटं’. त्यामुळे वरवर काहीच घडलेलं दिसलं नसतं. मूळ प्रतीत या बदलाची नोंद नव्हती, म्हणून तो वेळीच पकडला गेला.

पायथनमध्ये अटीत एकेरी = लिहिलं तर कार्यक्रम चालतच नाही. पण तिथे आणखी एक भेद आहे :

अ = [१, २]
ब = [१, २]
अ == ब → खरं
अ इज ब → खोटं

दोन ताटांत दोन-दोन लाडू. वाढप सारखं, पण ताटं दोन. तर्कशास्त्रात आपण याला समानता आणि तादात्म्य म्हणतो.

तेव्हा एका भाषेतली ओळ दुसरीत उतरवताना आधी विचारू या : ही ओळ काही सांगते आहे, विचारते आहे, की करायला लावते आहे?