पंख्याचा गव्हर्नर आणि तापाची थंडी

१९४० च्या उन्हाळ्यात स्पिटफायर आणि हरिकेन ही ब्रिटनची लढाऊ विमाने उत्तम होती. त्यातल्या बऱ्याच विमानांची अडचण पंख्यात होती. सुरुवातीच्या विमानांना दोन पात्यांचा लाकडी पंखा असे, पात्यांचा कोन कायमचा ठरलेला. म्हणजे ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये सपाट रस्त्यावर गाडी पळवायची. पुढे दोन कोनांचा पंखा आला: उड्डाणासाठी पाती कमी तिरपी, वेगासाठी जास्त. ती बदलायची वैमानिकाने, आठवणीने. १९३१ च्या अपघातात दोन्ही पाय गमावूनही पुन्हा विमान चालवणारा डग्लस बाडर तर कसलेला माणूस. पण १९४० मध्ये त्यानेही पाती जास्त तिरपी ठेवूनच स्पिटफायर दामटले आणि ते आपटले. तो थोडक्यात बचावला.

उपाय होता गव्हर्नरचा. इंजिनाबरोबर फिरणारी छोटी वजने आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. फेरे वाढले की वजने फाकतात, तेलाची झडप सरकते, पाती अधिक तिरपी होतात. इंजिनावर भार पडतो आणि फेरे जागेवर येतात. फेरे घटले तर उलट. वैमानिक तरफेने फक्त स्प्रिंगचा ताण ठरवतो, म्हणजे फेरे किती हवेत तेवढे सांगतो. जूनच्या उत्तरार्धात डी हॅविलंड कंपनीची माणसे थेट विमानतळांवर जाऊन हे बसवू लागली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजाराहून अधिक विमाने झाली! चढाई जलद झाली आणि वैमानिकाची नजर शत्रूकडे मोकळी राहिली.

विद्यार्थ्यांना ताप शिकवताना मला ही स्प्रिंगच सोयीची वाटते. तापात शरीराचे नियंत्रण सुटलेले नसते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने ताण वाढवलेला असतो, ३७ ऐवजी समजा ३९ अंश. म्हणून अंग तापत असतानाही रुग्ण कुडकुडतो, आणखी एक गोधडी मागतो. पॅरासिटामॉल तरफ मागे ओढते, मग घाम फुटतो.

उष्माघातात मात्र तरफ हललेलीच नसते; बाहेरच्या उष्णतेपुढे यंत्रणा हरलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजत असले, तर गोळी शोधू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका.