संगणकाचा वीजपुरवठा कसा निवडावा

माझा एक भाचा वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. इमारतींची त्रिमिती चित्रे त्याला संगणकावर करावी लागतात, आणि त्याच्या जुन्या संगणकाला असे एक चित्र पुरे करावयास रात्र पुरत नसे. वर्षभर शिकवण्या करून त्याने पैसे साठविले आणि आरटीएक्स ३०६० या नावाचे ग्राफिक्स कार्ड विकत आणले. कार्ड बसविले, पडद्यावर चित्र उमटले, घरात पेढेही वाटून झाले. रात्री त्याने अंतिम परीक्षेचे काम लावले मात्र, आणि संगणक एकाएकी बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. दुकानदाराने कार्डच सदोष असावे असे निदान केले. परीक्षेला आठ दिवस उरले होते. वर्षाची कमाई आणि वर्षाचा अभ्यास दोन्ही एकदमच पणाला लागली होती.

वस्तुतः कार्ड निर्दोष होते. दोष होता तो संगणकाच्या कोपऱ्यात बसविलेल्या, ज्याकडे कोणी सहसा पाहत नाही अशा एका लोखंडी डब्याचा. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. आपण त्याला पॉवर सप्लाय म्हणू. कार्ड घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. हा डबा मात्र कॅबिनेटबरोबर जो येईल तो पत्करतो. आजच्या या भाषणात त्याचीच थोडी चौकशी करावयाची आहे.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांना ती चालत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सौम्य आणि स्थिर वीज लागते. हे रूपांतर पॉवर सप्लाय करतो. एके काळी संगणकातील मुख्य भाग ५ आणि ३.३ व्होल्टवर पोसले जात. सुमारे २००० सालापासून ही स्थिती बदलली. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खाणारे १२ व्होल्टच्याच पंगतीला बसतात.

हा बदल ध्यानात घेतला म्हणजे डब्यावरील चिठ्ठी कशी वाचावी हे कळते. माझ्या भाच्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत '४५० वॅट' असे छापले होते. परंतु खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे फक्त १६ अँपिअर असा आकडा होता. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट! उरलेला मोठेपणा ज्यांची आज फारशी गरज नाही अशा इतर वाटांची बेरीज करून मिळविलेला होता. म्हणून पहिला नियम असा की, मोठ्या अक्षरांतील आकडा वाचण्यापूर्वी १२ व्होल्टचा आकडा वाचावा. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात.

आता गरज किती, याचा हिशेब मांडू. हे कार्ड १७० वॅट घेते. म्हणजे एकट्या कार्डालाच १२ व्होल्टवर १४ अँपिअर हवेत. मध्यम प्रतीच्या प्रोसेसरचे भर कामाच्या वेळी नव्वद वॅट धरावेत. मदरबोर्ड, पंखे, डिस्क इत्यादींचे पन्नास-साठ. सर्व मिळून ३२० वॅट झाले. असे असता कार्डाचा निर्माता ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या असे का सुचवितो?

त्याची कारणे तीन. पहिले असे की, कार्डाची मागणी संथ नसते. एका सेकंदाच्या अगदी अल्प अंशापुरती ती नेमलेल्या आकड्याच्या वर उसळी घेते. १७० वॅट ही सरासरी झाली. ही उसळी ओळखूनच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवे मानक आले. नव्या जोडणीच्या मोठ्या पॉवर सप्लायने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंत भार सोसावा, अशी त्यात अपेक्षा आहे. दुसरे कारण उष्णतेचे. नागपूरचा किंवा दिल्लीचा मे महिना आणि बंद कॅबिनेट यांत पॉवर सप्लायची शक्ती कागदावरील शक्तीइतकी राहतेच असे नाही. तिसरे कारण वयाचे. त्यातील कपॅसिटर वर्षागणिक थकत जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठा पॉवर सप्लाय घेतला म्हणजे विजेचे बिल वाढते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. संगणक मागेल तेवढीच वीज तो देतो. बिलाचा संबंध आहे तो कार्यक्षमतेशी. रूपांतर करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. '८० प्लस' या कसोटीचे ब्राँझ, गोल्ड असे शिक्के ती किती जाते हे सांगतात. अर्ध्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता ठोकळमानाने ८५ टक्के, तर गोल्डची ९० टक्के. तीनशे वॅटच्या कामासाठी भिंतीतून पहिला ३५३ वॅट ओढील, दुसरा ३३३. रोज चार तास काम धरले तर वर्षाकाठी सुमारे २९ युनिटांचा फरक पडतो. तथापि हा शिक्का काटकसरीचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. भार अतिरेकी झाला, तारा एकमेकींना चिकटल्या किंवा व्होल्ट वाढले, तर आपण होऊन बंद पडण्याची सोय डब्यात आहे की नाही, हे वेगळे विचारावे लागते. भाच्याचा संगणक बंद पडत होता तो या सोयीमुळेच. ती नसती, तर त्या डब्याने जाताना कार्डालाही बरोबर नेले असते.

जोडण्यांकडेही तितकेच लक्ष हवे. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची तार आणखी ७५, आणि आठ पिनांची १५० वॅट देते. भाच्याच्या डब्याला आठ पिनांची तारच नव्हती, म्हणून दुकानदाराने डिस्कसाठी असलेल्या साटा तारेला एक जोडतुकडा लावून दिला होता. त्या साटा जोडणीची १२ व्होल्टवरील शक्ती ५४ वॅटची! हात लावला तेव्हा ती तार चांगलीच तापलेली होती. अशा तडजोडीतून आगीचे निमंत्रण जाते. मोठ्या कार्डांसाठी आता ६०० वॅटपर्यंत वाहून नेणारी नवी जोडणी निघाली आहे. २०२२ च्या अखेरीस अशा काही जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या. ती पूर्ण न बसविणे हे कारण एनव्हिडिया कंपनीने सांगितले आणि पुढे जोडणीची रचनाही सुधारण्यात आली. ती शेवटपर्यंत आत जाईल याची खात्री करावी. तसेच एका पॉवर सप्लायच्या सुट्या तारा दुसऱ्याला कदापि लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतील पिनांची मांडणी निराळी असू शकते, आणि ती चूक एका क्षणात सारा संगणक जाळते.

घरातील विजेचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कॅबिनेटला हात लावताच बारीक मुंग्या आल्यासारखे वाटते का? वाटत असेल तर त्या प्लगला अर्थिंग नाही असे बहुधा समजावे, आणि आधी वायरमनला बोलवावे. दुसरे यूपीएसचे. लाइट जाते म्हणून आपण यूपीएस ठेवतो. पण ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. नवे कार्ड भर कामात असता लाइट गेली, तर तो हात टेकील. आणि पॉवर सप्लाय स्वतः उघडण्याच्या फंदात तर पडूच नये. प्लग काढल्यावरही त्यातील मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज काही काळ धरून असतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपली म्हण आहे. येथे कार्ड घेतले त्याच वेळी पाय पसरून झालेले असतात. तेव्हा अंथरूण पायांच्या मापाने घेणे एवढेच हाती उरते. शहाणपणाचा क्रम उलटा आहे. कार्डाची किंमत ठरवितानाच पॉवर सप्लायची किंमत तीत धरावी. दोन्ही परवडत नसतील, तर कार्ड एक पायरी खालचे घ्यावे, पण पॉवर सप्लाय घेऊ नये.

भाच्याने शिकवणीचे पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ मागून घेतले आणि ५५० वॅटचा एक चांगला पॉवर सप्लाय आणला. त्या रात्री संगणक पहाटेपर्यंत चालू राहिला. चित्र सकाळी सहाला पुरे झाले, आणि दुकानदाराने सदोष ठरविलेले ते कार्ड आजही तेच काम करीत आहे.