क्लच घसरतोय की माझं मोजमाप?

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी घर्षणाच्या चाचणीत अडकलो होतो. त्याची एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, सहा गियरची मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली. इंजिनाचा मॅप बदलून आणला होता. कंपनीच्या कागदावर टॉर्क १७० न्यूटन मीटरच्या आसपास, ट्यूनर म्हणतो आता २३०. "दादा, गगनबावड्याच्या घाटात आरपीएम वर जातोय पण गाडी वडत न्हाय. भारी क्लच टाकूया का?" किट, मजुरी धरून खर्च साठ हजारांच्या घरात. त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराइतका.

माझं संशोधन घर्षणाच्या पदार्थांवर असल्यामुळे घरात मी क्लचतज्ज्ञ ठरलोय. खरं तर मी गाडीखाली फारसा कधी शिरलेलो नाही. पण हा प्रश्न पीएचडीच्या तयारीला लागलेल्या कुणालाही उपयोगी पडेल असा निघाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब. क्लचला पॉवरशी देणंघेणं नाही, त्याला टॉर्क पेलायचा असतो. किती पेलेल ते चार गोष्टींवर ठरतं: घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग. एका प्लेटला दोन बाजू, म्हणून पृष्ठभाग दोन. गोल आकडे धरू. प्लेटचा बाहेरचा व्यास २१५ मिलिमीटर, आतला १४५, म्हणजे सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर. दाब ४५०० न्यूटन, घर्षण गुणांक ०.३. गुणाकार करा: २ × ०.३ × ४५०० × ०.०९ = २४३ न्यूटन मीटर. १७० च्या इंजिनाला हे चौदा आणे सुरक्षित, जवळजवळ दीडपटीला टेकलेलं. २३० ला मात्र जेमतेम सहा टक्के जास्त.

आता ०.३ च्या जागी ०.२५ घाला. उत्तर २०२. म्हणजे २३० ला क्लच घसरणारच. ०.३५ घाला, २८३. म्हणजे मजेत चालेल. एकाच सूत्रातून 'टाका' आणि 'टाकू नका' ही दोन्ही उत्तरं निघतात आणि ज्या आकड्यावर सगळं अडलंय तो तापमान, झीज, पृष्ठभागाची अवस्था यांनी बदलतो. शिवाय घर्षण गुणांक हा एकट्या अस्तराचा गुण नसतो, तो जोडीचा असतो. समोर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं बीड असतं, आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या जे ओततात त्याच जातीचं. म्हणून अस्तराच्या पुड्यावर छापलेला गुणांक जसाच्या तसा सूत्रात टाकून निर्णय घेता येत नाही. गाडीच मोजायला हवी.

मोजायची युक्ती सोपी आहे. क्लच घट्ट असेल तर एका गियरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं गुणोत्तर अचल राहतं. घसरला की गुणोत्तर वाढतं. ओबीडी सॉकेटला एक स्वस्तातला डोंगल लावला, मी शेजारी बसून नोंदी घेतल्या. पहाटे, मोकळ्या सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत. तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गुणोत्तर अडीच-तीन टक्के वर गेलं. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मी जाहीर करून टाकलं, घसरतोय. भाऊ किटचा अ‍ॅडव्हान्स भरायला निघाला.

इथं मी चुकलो.

रात्री नोंदी उघडल्यावर दिसलं की डोंगल दोन्ही आकडे एकदम घेतच नाही. आधी वेग विचारतो, मग आरपीएम. मध्ये साधारण ०.३ सेकंद जातात. गाडी ताशी ६० वर असताना वेग दर सेकंदाला ५ किलोमीटरने वाढत असेल, तर तेवढ्यात दीड किलोमीटरचा फरक पडतो. ६० वर दीड म्हणजे अडीच टक्के. मला दिसलेली 'घसरण' नेमकी तेवढीच! चार वेळा तेच उत्तर आलं म्हणून मी खूश होतो. पण चूक यंत्राच्या पद्धतीतच असेल तर ती दर वेळी इमानेइतबारे हजेरी लावते. फेऱ्या वाढवून ती जात नाही.

मग वेगळी चाचणी आखावी लागली, जिथं दोन्ही कारणं वेगवेगळं भाकीत करतील. डोंगलच्या विलंबाची चूक गाडीच्या त्वरणावर अवलंबून असते. वरच्या गियरमध्ये त्वरण कमी, म्हणून चूकही कमी व्हायला हवी. क्लचवर येणारा टॉर्क मात्र इंजिनाचाच, तो वरच्या गियरमध्येही तेवढाच आणि जास्त वेळ टिकणारा. म्हणजे पाचव्या गियरमध्ये फुगवटा घटला तर डोंगल दोषी, टिकला किंवा वाढला तर क्लच. अ‍ॅडव्हान्स आठवडाभर थांबवायला लावला. भाऊ चिडला, साहजिक आहे.

थंड गाडीवर पाचव्यात फुगवटा एक टक्क्याच्या आत. म्हणजे तिसऱ्यातला निकाल कचऱ्यात. पण भावाची तक्रार घाटातली होती, तीही खोटी नव्हती. म्हणून वैभववाडीकडून करूळ घाट चढून वर आलो आणि गाडी गरम असतानाच पुन्हा पाचव्यात दाबली. २५०० आरपीएमला गुणोत्तर आठ टक्के वर, म्हणजे सुमारे २०० आरपीएमची खरीखुरी घसरण. ही उष्णता किती असते त्याचा अंदाज घ्या: २०० न्यूटन मीटर पेलताना नुसती १०० आरपीएम घसरण झाली तरी २१०० वॅट. घरातला गीझर क्लचच्या डब्यात चालू ठेवल्यासारखं. घसरला की तापतो, तापला की आणखी घसरतो.

इथं बहुतेक जण थांबतात आणि भारी क्लच मागवतात. मी एकच गोष्ट जास्त करायला सांगितली: मॅप मूळचा कर आणि तोच घाट पुन्हा चढ. १७० वरही चार टक्के घसरला. हिशेब उलटा फिरवा. दाब आणि त्रिज्या तीच धरली तर गुणांक ०.२१ च्या खाली गेलाय. म्हणजे क्लच लहान नाही, आजारी आहे.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गिअरबॉक्स उतरवला. अस्तराची जाडी भरपूर शिल्लक, पण आतल्या कडेने तेलाचा डाग, पृष्ठभाग काचेसारखा चकाकणारा. क्रँकचं मागचं ऑईल सील पाझरत होतं. भारी क्लच टाकून सील तसंच ठेवलं असतं तर काही महिन्यांत साठ हजारांची प्लेटही तेलात न्हायली असती.

भारी क्लचबद्दल मिस्त्री म्हणाले, "क्लच घसरला तर प्लेट जाते. न्हाय घसरला तर गिअरबॉक्स जातो. कोणचं परवडतंय बघा." जास्त दाबाची प्रेशर प्लेट म्हणजे जड पेडल आणि पेडल दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जादा भार. सिंटर्ड अस्तर गरमीत टिकतं, पण शाहूपुरीच्या ट्रॅफिकमध्ये सुटताना गाडी थरथरते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही. वर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आणि विमा आहेच. मॅप बदलताना हे कुणी विचारत नाही, अपघातानंतर विचारतात.

शेवटी ठरलं ते असं: नवं सील, कंपनीच्याच मापाची नवी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, आणि ट्यूनरकडून टॉर्क २०० वर आणून घेणं. २४३ भागिले २००, एकवीस टक्के जास्त. ०.३ हा आकडा धरूनच, हे विसरायचं नाही. नवी प्लेट थोडी बसल्यावर करूळ घाटानंतर गरम गाडीचे तीन फेरे घेतले, फुगवटा एक टक्क्याच्या आत राहिला. २३० चा मॅप भावाने अजून जपून ठेवलाय आणि दर रविवारी विचारतो, "दादा, एकदाच टाकून बघूया की?"